वाचक विचारतात : पद मिळालं, पण लोक ऐकत नाहीत

या महिन्यात पत्रं आणि मेसेज बरेच आले आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे आहेत, काम येतं, पद पण मिळालंय, पण बोलायला उठलं की लोक ऐकत नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच निवडली. नावं-गावं मुद्दाम काढून टाकलीत, खान्देशात कोण कुणाच्या पाहुण्यांतलं निघेल सांगता येत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पारोळा तालुक्यातल्या एका गावची सरपंच आहे, महिला राखीव जागेवर थेट निवडून आले. बीए झालंय. बचत गटात मी सचिव होते, तिथे भरपूर बोलायचे. पण ग्रामसभेत उठले की घसा कोरडा पडतो. आमच्याकडे एक माजी सरपंच नाना आहेत, ते लगेच म्हणतात, "ताई तुम्ही राहू द्या, भाऊंना बोलू द्या." भाऊ म्हणजे माझे मिस्टर. आणि ते पण उठतात बोलायला! राग येतो पण तेव्हा काही सुचत नाही. पुढच्या सभेत पाण्याच्या लाईनचा विषय आहे. काय करू?

उत्तर : सरपंचताई, तुमच्या पत्रातलं ते "ते पण उठतात" पुढचं उद्गारचिन्ह मला फार आवडलं. कामाला तिथूनच लागा, म्हणजे घरातून. एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर भाऊंना शांतपणे सांगा की तुम्ही उठलात की गावाला वाटतं खुर्चीत बाई आणि कारभार बाप्याचा, आणि उद्या काही चौकशी लागली तर सही माझी असणार आहे, तुमची नाही. हे सहीचं प्रकरण पुरुषांना पटकन कळतं. सभेत त्यांनी तुमच्या शेजारी न बसता मागे बसायचं. नानांनी पुन्हा भाऊंना उठवायचा प्रयत्न केला तर भाऊंनी जागेवरूनच एवढंच म्हणायचं, "नाना, सरपंच त्या आहेत, त्यांनाच विचारा." नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य एकदा चारचौघात आलं ना, की तुमचं निम्मं काम तिथेच होतं. ते तयार होतील का? बरेचदा होतात, त्यांना आधी कुणी असं तोंडावर सांगितलेलंच नसतं.

आता नाना. त्यांना सभेत गप्प करायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्या घरी जा. संध्याकाळी चहाच्या वेळेला, वही घेऊन. जुनी लाईन कुठून टाकली होती, कुठे सारखी फुटते, तेव्हा कुणी शेतातून खोदू दिलं नव्हतं, सगळं विचारा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. माजी सरपंचाला ही माहिती तोंडपाठ असते आणि पद गेल्यापासून ती त्याला कुणी विचारलेली नसते, त्याच्या खवचटपणातला बराचसा भाग तिथून येतो असं माझं मत आहे. मग सभेत सांगा, "जुनी लाईन नाल्याजवळ फुटते हे मला नानांनी दाखवलं." ज्याचं नाव मानाने घेतलंय त्याला पुढच्या मिनिटाला उठून आडवं बोलणं जड जातं. कुणी म्हणेल हे राजकारण झालं. असेल, पण माहिती तर खरीच मिळते की!

दुसरं म्हणजे महिला सभा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, पण बऱ्याच गावात ती रजिस्टरातच होते, शिपाई घरोघरी फिरून सह्या घेतो आणि झाली सभा. तुम्ही ती खरोखर घ्या. तिथे पाण्याचा विषय काढा, बायका जे बोलतील ते बोलू द्या, आणि तुमच्या गटातल्या चार-पाच जणींना सांगा की ग्रामसभेला पुढच्या रांगेत बसायचं आणि एकीने तरी उठून हाच विषय मांडायचा. समोर ओळखीचे चेहरे दिसले की घसा एवढा कोरडा पडत नाही. शिवाय तुमच्या एकटीचं म्हणणं आणि महिला सभेचं म्हणणं यात गाव फरक करतं.

बोलायचं काय, तर थोडं. भाषण लिहून नेऊ नका, पाठ तर अजिबात करू नका, फक्त पहिलं वाक्य पाठ ठेवा. साधारण असं : "वरच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. वित्त आयोगाच्या बंधित पैशातून लाईन बदलता येते. ती मारुती मंदिराच्या मागून न्यायची का शाळेकडून, हे आज गावाने ठरवायचंय." आणि बसा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे कारण तुम्ही नुसतं "लाईन टाकायची आहे" म्हणालात तर चर्चा तुमच्यावर येणार, कुणी ठरवलं, का ठरवलं, कॉन्ट्रॅक्टर कोण. दोन रस्ते समोर ठेवले की लोक मंदिर का शाळा यावर भांडायला लागतात, आणि ते भांडण तुमच्या कामाचं आहे. मध्येच कुणीतरी सभामंडपाचं काढणारच, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा, की बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच लागतो, मंडपाला वळवता येत नाही.

"मला जास्त काही बोलता येत नाही, चुकलं तर माफ करा" हे सुरुवातीचं वाक्य मात्र कायमचं बंद करा. आपल्याकडे नम्रता म्हणून म्हणतात, पण समोरचा ते खरं धरतो. माईक तोंडाला चिकटवू नका, मूठभर लांब धरा, नाहीतर श्वासाचाच आवाज येतो आणि आपण आणखी घाबरतो. उठल्या उठल्या बोलायचं नाही, एकदा श्वास घ्यायचा, सभेकडे बघायचं, मग सुरू. आणि अहिराणीत बोला ना बिनधास्त! "भाऊसहोन, मी काय सांगस ते आयका" म्हटल्यावर जे कान उघडतात ते "सन्माननीय ग्रामस्थहो" म्हटल्यावर नाही उघडत. ठराव प्रमाण मराठीत लिहायला ग्रामसेवक आहेतच, त्यांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.

कुणी मध्येच तोडलं तर आवाज चढवायचा नाही. "तुमचा मुद्दा लिहून घेतला, माझं झालं की तुम्ही बोला" असं म्हणून ग्रामसेवकांना खरंच लिहायला लावा आणि नंतर खरंच बोलायला द्या. सभा उठण्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, सह्या त्यानंतर. एक-दोन सभा गडबड होईलच, नाना काही एका चहात बदलणार नाहीत, पण अध्यक्ष तुम्ही आहात आणि सभा कधी संपली हे तुम्ही सांगायचं असतं, हे गावाला दिसू द्या.

प्रश्न : ताई, मी रावेर तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे. केळीवर हरण्या रोग आला की रोगट रोपं उपटून नष्ट करा असं मी दरवर्षी सांगून थकलो. ग्रुपवर पीडीएफ टाकतो, फोटो टाकतो, शास्त्रज्ञांचे व्हिडिओ टाकतो. लोक अंगठा देतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून औषध आणून फवारतात. माझं चुकतंय कुठं?

उत्तर : भाऊ, अंगठा म्हणजे "मेसेज दिसला" एवढंच, वाचला असा पण त्याचा अर्थ नाही. तुमची माहिती बरोबर आहे. हरण्या हा विषाणूचा रोग, मावा तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेतो, फवारणीनं मावा कमी होईल पण रोगट झालेलं रोप बरं होणार नाही. हे तुमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना माहीतच असेल, मग तीच माहिती पाचव्यांदा सांगून काय होणार?

आधी हे शोधा की उपटायला हात का धजत नाही. एखाद्याच्या बांधावर बसून विचारा आणि मग तुम्ही गप्प बसा, हे गप्प बसणं संचालकांना फार अवघड जातं. मला वाटतं तुम्हाला साधारण तीन गोष्टी ऐकू येतील. एक, टिश्यू कल्चरचं रोप विकत आणलेलं असतं, ठिबक झालेलं, खत झालेलं, ते हिरवं रोप आपल्या हाताने उपटणं जिवावर येतं. दोन, मी उपटली आणि शेजाऱ्याने नाही उपटली तर माझा काय फायदा, मावा काही बांध बघत नाही. हा प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर कुठल्या पीडीएफमध्ये नाही. तीन, उपटली तर गावाला कळतं की याच्या बागेत रोग आहे, त्याची लाज वाटते. हे तिसरं कुणी सरळ बोलणार नाही, पण असतं.

म्हणून सगळ्या तालुक्याला एकदम सांगणं बंद करा. एकमेकांना लागून असलेली पाच-सहा शेतं धरा, त्या सगळ्यांना एकाच दिवशी सकाळी बोलवा आणि सगळ्यांनी मिळून प्रत्येकाच्या बागेतून फिरायचं. पानावरचे ते पिवळे पट्टे हाताने दाखवा. पहिलं रोप शक्यतो ज्याच्या बागेत सगळ्यात जास्त रोग आहे त्याच्याकडे न उपटता तुमच्या स्वतःच्या किंवा गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या बागेत उपटा, म्हणजे लाजेचा प्रश्न तिथेच मिटतो. त्याच फेरीत बांधावरचं तण आणि शेजारी लावलेली काकडी, भोपळा पण दाखवा, कारण हा विषाणू तिथेही राहतो. पुन्हा काही शंका निघाली तर जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, तिथल्या माणसाला या फेरीला आणता आलं तर उत्तम, पण बोलायला शेतकऱ्यालाच लावा. गेल्या हंगामात ज्याने वेळेवर उपटून बाग वाचवली असा एकजण तुमच्या भागात असेलच, त्याची पाच मिनिटं तुमच्या पाच वर्षांच्या मेसेजेसपेक्षा जास्त काम करतील.

ग्रुप सोडू नका, पण तिथे एका वेळी एकच गोष्ट. १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, समोर वेगवेगळ्या थरांतले राजबंदी, आणि साने गुरुजी ती लिहून घेत होते. विनोबांनी काय केलं, तर एका रविवारी एकच अध्याय. अठरा अध्याय होते म्हणून अठरा रविवार लागले. तुम्ही मात्र अठराही अध्याय सकाळी सहाला एका पीडीएफमध्ये पाठवताय! मिनिटाच्या आतला व्हॉइस नोट, तुमच्याच आवाजात, तुमच्याच बोलीत, आणि शेवटी एकच काम आणि एकच वार : "रविवारपर्यंत फक्त बांधाकडच्या दोन ओळी बघा आणि किती रोपं पिवळी दिसली तो आकडा मला सांगा." आकडा मागितला की माणसाला बागेत जावंच लागतं. ज्यांचा आकडा येणार नाही त्यांना ग्रुपवर टोकू नका, फोन करा.

प्रश्न : मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे, वय २६, डिप्लोमा. माझ्या हाताखालचे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे. काही सांगितलं की "हो साहेब" म्हणतात आणि आपल्याच पद्धतीने करतात. मागे एका रात्रीत बराच माल खराब निघाला आणि मला सकाळी कळलं. कडक व्हावं का?

उत्तर : कडक झालात तर पुढच्या वेळी सकाळी पण कळणार नाही.

"हो साहेब" वर विश्वास ठेवायचाच नाही, कारण ते उत्तर नाहीये, तो नमस्कार आहे. भुसावळकडचे कुणी पाहुणे रेल्वेत असतील तर त्यांना विचारा, इंजिनात लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट दोघांनाही सिग्नल समोर दिसत असतो, तरी दोघं तो मोठ्याने एकमेकांना सांगतात. काही फाटकांवर गेटमन गेट बंद केल्यावर स्टेशन मास्तरला एक प्रायव्हेट नंबर देतो आणि तो नंबर नोंदवला जातो, नुसतं "हो बंद केलं" चालत नाही. यात कुणाचा अपमान नसतो, काम तसंच असतं. तुम्ही पण तेच करा. "टेम्परेचर कमी ठेवा" असं म्हणून निघून जाऊ नका, आकडा सांगा आणि विचारा, "काका, किती ठेवताय?" आकडा त्यांच्या तोंडून आला की झालं. सुरुवातीला हसतील, हसू द्या. स्वतःपासून चालू करा, म्हणजे त्यांनी तुम्हाला काही सांगितलं की तुम्ही ते परत बोलून दाखवायचं, "म्हणजे तीन नंबर मशीनचा प्लास्टिकचा दाणा ओला येतोय, बरोबर?"

आणि ती त्यांची "आपली पद्धत" एकदा नीट बघून तर घ्या, वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस उगाच वेगळं करत नाही, कधीकधी मॅन्युअलपेक्षा त्याचंच बरोबर असतं. बरोबर असेल तर सगळ्या शिफ्टसमोर सांगा की हे काकांकडून शिकलो. चूक असेल तर मात्र बाजूला घेऊन, कँटीनमध्ये नाही.

खराब मालाचं जरा वेगळं आहे. एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तर निघालं उलटंच, ज्या टीम चांगल्या होत्या त्यांच्याकडे चुकांची नोंद जास्त. त्यांचं म्हणणं असं पडलं की चांगल्या टीममध्ये लोक चूक उघडपणे सांगतात, बाकीच्या ठिकाणी ती लपते. तेव्हा तुमच्या शिफ्टमध्ये रात्री दोन वाजता पहिल्यांदा कुणी येऊन म्हणेल "साहेब, माल बिघडतोय", त्या क्षणी तुमच्या तोंडून काय निघतं यावर सगळं आहे. "कुणी केलं?" निघालं तर संपलं. "बरं झालं सांगितलं, मशीन थांबवू, दाखवा" निघालं तर सकाळपर्यंत ते वाक्य तिन्ही शिफ्टमध्ये पोचतं. चूक कुणाची, ते दुसऱ्या दिवशी बघता येतं. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही शिफ्टनी मशीनपाशीच उभं राहून बोलायचं हे पण चालू करा, ऑफिसातल्या रजिस्टरवर कुणी खरं लिहीत नाही.

प्रश्न : धुळ्यात एका क्लासवाल्यांनी सांगितलं की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के बॉडी लँग्वेज. दोन दिवसांच्या कोर्सची फी बरीच आहे. करू का? (शाळेत मुख्याध्यापक आहे.)

उत्तर : सर, हेच वाक्य क्लासवाल्यांनी तुम्हाला शब्दांशिवाय, नुसतं हातवारे करून सांगायला पाहिजे होतं.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ चे. प्रयोगात लोकांना एकेक शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे का नावड. म्हणजे शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरं, तेव्हा भावना कशावरून ओळखतात एवढाच तो विषय होता. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय, पण ट्रेनिंगच्या धंद्यात ते कुणाला परवडणार? शिक्षकांना वेळापत्रक बदलल्याचं सांगताना शब्द ७ टक्के धरलेत तर सोमवारी दोन शिक्षक एकाच वर्गात सापडतील. फी वाचवा. मोबाईलवर तुमची पुढची स्टाफ मीटिंग रेकॉर्ड करा, सगळ्यांना सांगून, आणि घरी ऐका की तुम्ही किती वेळ बोललात आणि बाकीचे किती. ऐकवत नाही सुरुवातीला, पण फुकट आहे.

प्रश्न : मी शहाद्याचा, पुण्यात आयटीत टीम लीड झालोय. इंग्लिश येतं पण बोलताना गावाकडचा सूर येतो, मीटिंगमध्ये हसतात असं वाटतं. मग मी बोलतच नाही.

उत्तर : सूर राहू दे रे भाऊ, वेग कमी कर. आपल्याकडची माणसं घाबरली की भराभर बोलतात आणि मग समजत नाही ते वेगामुळे, खापर मात्र सुरावर फुटतं. बंगलोरवाल्याचा पण सूर असतोच, तो त्याची काळजी करत बसत नाही. मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत एक तरी वाक्य बोलून टाक, नुसता प्रश्न विचारलास तरी चालेल, जितका उशीर होतो तितकं ते अवघड होतं. आणि मीटिंग संपली की कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे चार ओळींत लिहून सगळ्यांना पाठवायचं काम आपणहून घे. ते कुणालाच नको असतं त्यामुळे भांडण होणार नाही, लिहिताना सुराचा प्रश्न नसतो, आणि थोड्या दिवसांनी मीटिंगमध्ये काय ठरलं होतं हे बघायला सगळे तुझाच मेल उघडायला लागतात.